काचेचं सोवळं

"हाय रब्बा, फेर शुरू हो गए! दंदां विच रेत आ जांदी ऐ."

जाळीच्या भिंतीपलीकडून मिसेस सेखों पुटपुटल्या. दातांत वाळू येते म्हणे. भिंत एका विटेची, तीही नक्षीच्या भोकांची. तिच्यातून शेजारच्या फोडणीचा खकाणा इकडे येतो, तिथं पुटपुटणं न यायला काय झालं? विनया अलीकडे मेथीची जुडी निवडत बसली होती. तुमच्या दातांत येते, माझ्या तर अंथरुणात येते बाई, असं तिला म्हणावंसं वाटलं. सेखोंबाईंनी हळू आवाजात कुरकुर केली होती, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. चंदीगडच्या त्या सेक्टरातल्या सगळ्या मराठी घरांना माहीत होतं, त्यांच्याकडून पंजाबी घरांनाही कळलं होतं. फक्त अंगणात बसून काच घासणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं.

अंगणाच्या मधोमध, कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, मनीमाजऱ्याच्या भंगारवाल्याकडून आणलेलं तेलाचं पिंप उभं होतं. हलू नये म्हणून त्यात विटा भरल्या होत्या. पिंपावर पाटाएवढी फळी, फळीवर थाळीएवढी जाड काचेची तबकडी, आणि तिच्यावर तशीच दुसरी. श्रीनिवास स्टुलावर बसून वरची तबकडी खालचीवर पुढं-मागं ढकलायचा. दोन काचांच्या मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड. खर्र, खर्र, खर्र. "फिरव," असं तो म्हणाला की विनयानं हातातलं ठेवून उठायचं आणि फळी थोडी फिरवायची. खरं म्हणजे काच घासणाऱ्यानंच पिंपाभोवती फिरायचं असतं. पण त्याच्या अंगात आता फिरण्याएवढी ताकद नव्हती.

असं घासत गेलं की वरची काच मधे खोलगट होते. मग तिला घोटून चकाकी आणायची, लेप द्यायचा, की झाला दुर्बिणीचा आरसा. सांगायला एवढंच. करायला कितीतरी महिने.

आणि श्रीनिवासनं तर आजवर घरात काहीच पुरं केलं नव्हतं. ऑफिसातलं वेगळं. केंद्र सरकारच्या उपकरणं बनवणाऱ्या संस्थेत तो होता, तिथं डोक्यावर साहेब असायचा, त्यामुळं कामं व्हायची. घरात डोक्यावर विनया होती, पण तिचा तसा धाक नव्हता. देहरादूनला त्यानं सतार धरली ती तारा लावण्यापर्यंत. कानपूरला रेडिओ जोडायला घेतला, तो बदलीची ऑर्डर येईपर्यंत आतडी बाहेर काढून टेबलावर पडून होता. नयनासाठी बाहुलीघर केलं, त्याला छप्पर राहिलं. बाहुल्या बिचाऱ्या उन्हापावसात नांदल्या आणि त्यांची मालकीण कॉलेजात गेली. बदली झाली की सगळे अर्धवट संसार एका लाकडी पेटीत भरायचे. पेटीवर दर गावचं नाव खोडून पुढच्या गावचं लिहायचं. विनया तिला 'उद्याची पेटी' म्हणायची.

टोमणे मारायला तिनं कधी हात आखडला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या आदल्या वर्षीच्या कोजागिरीला, वाटीतलं दूध घोटघोट पिताना, चारचौघांत ती म्हणाली होती, "अहो, हे मरतीलसुद्धा अर्धवट. तिरडीवरून उठून म्हणतील, उरलेलं नंतर बघू." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं श्रीनिवास हसला. ते दूध आता तिच्या नरड्याशी येऊन बसत असे.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याचं पोट दुखायला लागलं. मंडळातले वामन गद्रे मोठ्या इस्पितळात सर्जन होते, घरचेच. त्यांनीच ऑपरेशन केलं. व्हरांड्यात येऊन त्यांनी डोक्याची टोपी काढली, ती हातात गोल गोल फिरवत म्हणाले, "वहिनी, उघडलं आणि बंद केलं. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं."

"किती?" विनयानं विचारलं.

"संक्रांत दिसली तर देवाची कृपा म्हणायची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला सांगू नका. माणूस खचतो. अल्सर म्हणू."

तेव्हापासून अल्सर. भेटायला येणारा प्रत्येक जण आपापल्या चुलत्या-मेहुण्याचा अल्सर घेऊन यायचा आणि तो कसा ठणठणीत बरा झाला ते सांगून चहा पिऊन जायचा. नयनाला विनयानं एकदाच, स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितलं. त्यानंतर त्या दोघीही एकमेकींशी अल्सरच म्हणत राहिल्या. खोटं बोलायचं तर घरातसुद्धा सराव हवा.

इस्पितळातून घरी आल्यावर श्रीनिवासनं आधी ती पेटी ओढायला सांगितली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन तबकड्या होत्या, कधीतरी हौसेनं मुंबईहून मागवलेल्या.

"हे पुरं करतो," तो म्हणाला. "एवढं एक."

एवढंच एक का, हे विनयानं विचारलं नाही.

कुरुंदाच्या पुडीचे डालड्याचे डबे कपाटात एका ओळीत लागले. जाड पूड पहिल्या डब्यात, मग उतरत उतरत शेवटच्यात पिठीहून मऊ. एका पुडीचं काम झालं की दुसरी घ्यायच्या आधी अंगण धुवायचं, पिंप धुवायचं, फळी खरवडून धुवायची. मग आंघोळ, आणि वाळत घातलेले धुतलेले कपडे काठीनं काढून घालायचे. नयनानं ओढणी घेऊन जवळ यायचं नाही. जाड पुडीच्या वेळचा टॉवेल बारीक पुडीला शिवायचा नाही.

"बाबा, ये तो छुआछूत है!" नयना म्हणाली. ती मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. चंदीगडच्या शाळेनं तिला एवढं पक्कं शिकवलं होतं.

"आहेच," श्रीनिवास म्हणाला. "जाड पुडीचा एक कण बारकीत आला तर काचेवर ओरखडा. मग घासलेलं सगळं मातीत. उलटं मागं जायचं."

विनयाला हसू आलं. सांगलीच्या घरी सासूबाई सोवळ्यात असल्या की हाच माणूस मुद्दाम जाऊन त्यांच्या पदराला बोट लावायचा आणि पळायचा. बाई पुन्हा अंगावर तांब्याभर पाणी घ्यायच्या आणि याच्या सात पिढ्या उद्धरायच्या, त्यात स्वतःचीही एक जायची.

"अहो, सासूबाई वरून बघत असतील तर पोट धरून हसत असतील."

"हसू दे. आईला म्हणावं, तुझं बरोबर होतं. फक्त देव चुकीचा निवडलास."

त्या दिवसांत तो बोलायचा. हे एक नवीनच होतं. आजवर तो बोलायचा ते पुढच्या गोष्टीबद्दल. हातात रेडिओ, तोंडात सतार. आता बोलायचा ते हातातल्या काचेबद्दल. तळव्याला कसं कळतं की पूड झिजली, आवाज कसा खरखरीवरून सळसळीवर येतो. विनया फळी फिरवायची आणि ऐकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला एखाद्या गोष्टीशी टिकून बसलेला ती पहिल्यांदा बघत होती. आणि बघताना तिला बरं वाटायचं, मग लगेच त्या बरं वाटण्याची भीती वाटायची.

डिसेंबरात, धुकं दुपारपर्यंत हटत नव्हतं त्या दिवसांत, पहिला ओरखडा पडला. विनयाच्याच लुगड्याच्या काठातून कुठूनसा कण आला असावा. टर्र असा बारीक आवाज झाला आणि श्रीनिवासचे हात जागच्या जागी थांबले. तिला वाटलं, संपलं. आता हे पेटीत जाणार. पण त्यानं काच उजेडाकडे धरली, ओरखड्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "दोन डबे मागं. चला, धुवा अंगण."

असा तो मागं गेला आणि त्या मागं जाण्यातच संक्रांत आली.

मंडळातले लोक तिळगूळ घेऊन आले. घरापुढच्या हिरव्या लॉनवर खुर्च्या टाकल्या होत्या, श्रीनिवास शाल पांघरून मधे बसला होता, आणि प्रत्येक जण त्याच्या हातावर हलवा ठेवून म्हणत होता, गोड बोला. सप्टेंबरपासून या माणसाशी गोडाशिवाय कुणी काही बोललं नव्हतं. गद्र्यांची शालिनी म्हणाली, "भावजी, रंग किती छान आलाय हो चेहऱ्यावर!" रंग पिवळा होता. श्रीनिवासनं तिला उलट तिळगूळ दिला.

वामन गद्रे पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, खरं सांगू? मला वाटलं नव्हतं."

"मग हे कशानं?"

"ते नाही सांगता येत. जेवतोय, बसतोय, काम करतोय... कधीकधी माणूस एखाद्या कामाला धरून राहतो बघा."

डॉक्टरांनी सहज म्हटलं. पाणी पिऊन पेला उपडा घालून ते बाहेर गेले. पण विनयानं ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं घडी घालून ठेवलं. ती शिकलेली नव्हती, मॅट्रिकच्या आधीच उजवली गेली होती. पुढं जे आलं ते वाचून, ऐकून, चुकून आलं. पण हिशेब तिला कळत होता. काम आहे तोवर माणूस आहे. काम संपलं की...

आणि काम संपत आलं होतं.

फेब्रुवारीत मोहरीला फुलं आली. शेवटचा डबा उघडला गेला. आवाज इतका मऊ झाला की सेखोंबाईंना तो ऐकूच येईनासा झाला. श्रीनिवासचं घड्याळ मनगटावरून सरकून कोपरापर्यंत जायचं. जेवण उलटून पडायचं. वामनभावजी दिवसाआड येऊन इंजेक्शन देऊन जायचे आणि काचेची चौकशी करायचे. काचेबद्दल विचारणं सोपं होतं.

"आठवडाभरात घोटायला घेऊ," श्रीनिवास म्हणाला. "ऑफिसातून लेप देऊन आणू. होळीच्या आधी अष्टमीला चंद्र बघू. पौर्णिमेला नाही हं, पौर्णिमेला नुसता चपटा दिसतो. अर्धा असला की खड्ड्यांच्या सावल्या पडतात." तो दमून थांबला. मग म्हणाला, "विनू, हे होणार. या वेळी होणार बघ."

त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आंघोळ केली, धुतलेलं पातळ नेसली आणि कपाट उघडलं. पहिला डबा काढला. जाड पूड चिमटीत घेतली, कुंकवाची घेतात तेवढीच. शेवटच्या डब्यात टाकली, बोटानं ढवळली आणि बोट पदराला पुसलं. सासूबाईंच्या सोवळ्याला तिनं उभ्या जन्मात धक्का लावला नव्हता. मनात ती म्हणत होती, दोन डबे मागं. फार तर तीन. म्हणजे चैत्र. चैत्रात आणखी एक चिमूट. तिला त्यात पापही वाटलं नाही. जगवण्यासाठी लोक काय काय करतात. वड फेऱ्यांनी बांधतात, ही चिमटीनं बांधत होती.

श्रीनिवासनं काच ठेवली, ढकलली.

या वेळी टर्र एकदा नाही झालं. वाळूत पाट ओढावा तसं झालं. हात थांबेपर्यंत काच आडवीतिडवी खरवडली गेली होती. त्यानं ती उचलली, पाण्यात बुडवली, उन्हाकडे धरली. मांजरानं नख्या मारल्यासारखे ओरखडे. मग त्यानं डब्यातली पूड बोटांत धरून चोळली. आता कळेल, तिला वाटलं. याची बोटं फसत नाहीत.

त्यानं वर पाहिलंच नाही.

"माझंच चुकलं असेल," तो म्हणाला. "हात नीट धुतले नसतील मी."

"मग काय झालं? मागं जाऊ या की. मी धुते अंगण."

"नको."

"अहो, डिसेंबरात नाही का—"

"डिसेंबरात हात होते," तो म्हणाला, आणि हसला. कोजागिरीला हसला होता तसंच. "राहू दे, विनू. माझ्या हातून पुरं व्हायचं नसतं काही. तू उगाच नाही म्हणायचीस."

नयनाला हाक मारून त्यानं तबकड्या गुंडाळून पेटीत ठेवायला सांगितल्या. आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

त्यानंतर अंगण गप्प. पिंपावर कावळे बसायला लागले. श्रीनिवासनं पेज नाकारली, दाढी नाकारली, उन्हात यायला नाकारलं. काय देऊ, काय हवं, सगळ्याला एकच उत्तर: राहू दे. वामनभावजी आले, नाडी धरून बराच वेळ बसले, आणि जाताना विनयाकडे न बघता चपला घातल्या. जाळीपलीकडून सेखोंबाईंनी विचारलं, "भैणजी, आवाज नहीं आ रही? सब ठीक?" विनया म्हणाली, "ठीक, ठीक." सेखोंबाई जाळीशी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी मुळ्याचे दोन पराठे भोकातून पुढं सरकवले आणि गेल्या.

तिनं दिवस लांबवायला चिमूट टाकली होती. जे होते तेही तिनं त्याच्या हातून काढून घेतले.

नयना स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "बाबाने छोड़ दिया. हर बार की तरह." मग ताट तसंच ओलं ठेवून रडायला लागली. "मुझे लगा था, इस बार..."

हर बार की तरह. म्हणजे हा माणूस आता हे घेऊन जाणार. मुलीच्या मनात हेच राहणार, मंडळात हेच बोललं जाणार, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तोही स्वतःला हेच म्हणत डोळे मिटणार. कोण खोटं ठरवणार त्याला? तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

विनयानं पेटी उघडली. काच काढली, वर्तमानपत्र सोलून टाकलं, आणि ती दोन्ही हातांत धरून खोलीत गेली. त्याच्या उशाशी स्टूल ओढून बसली. काच मांडीवर. जड होती, तान्ह्या मुलासारखी.

"अहो, इकडे बघा."

"राहू दे, विनू."

"पूड मी टाकली."

मग तो कुशीवर वळला. वळायलाही त्याला खूप वेळ लागला.

"काय म्हणालीस?"

"जाड पूड. बारक्या डब्यात. मी टाकली, आंघोळ करून, धुतलेलं नेसून. तुमच्या हातांचं काही चुकलेलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती वाट बघत होती, ओरडेल म्हणून. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा चेहरा ओशाळला.

"एवढा त्रास होत होता तुला आवाजाचा?" तो हळूच म्हणाला. "सांगायचंस ना. मी बंद केलं असतं. आधीच तुझं आयुष्य माझा पसारा भरण्यात गेलं. त्यात हे..."

हो म्हणायची सोय होती. डोकं दुखत होतं, कंटाळले होते, राग आला होता, काहीही चाललं असतं. त्यानं माफ केलं असतं. किंबहुना आत्ताच केलं होतं. दारात नयना पेजेची वाटी घेऊन उभी होती, आत यावं की नाही न कळून.

"त्रासानं नाही टाकली."

"मग?"

"पुरं होत आलं होतं म्हणून."

"अगं, पुरं व्हावं म्हणून तर..."

"वामनभावजी म्हणाले, माणूस कामाला धरून राहतो. मी म्हटलं, मग काम संपायलाच नको."

श्रीनिवासनं हात पुढं केला आणि काचेवर ठेवला. बोटं ओरखड्यांवरून सावकाश फिरली, एकेक मोजल्यासारखी. त्यानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं नजर चुकवली नाही, आणि तिलाही चुकवू दिली नाही.

"अल्सरला," तो म्हणाला, "कशाला लागतं गं धरून राहायला?"

नयनानं वाटी दाराशीच खाली ठेवली. विनयानं काच उचलून त्याच्या पांघरुणावर ठेवली.

"अल्सर नाहीये तो," ती म्हणाली. "कॅन्सर आहे. भावजींनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला सोडून. तुम्ही मरणार आहात, आणि लवकर मरणार आहात. काच पुरी करायची असेल तर आता उठायला हवं."